बिनदुधाची साय

"हे काय हाय?" आबांनी वाटीत नुसतं बोट बुडवून विचारलं.

"सूप आहे, आबा."

"सूप?" त्यांनी बोट धोतराला पुसलं. "सुपानं धान्य पाखडत्यात, पोरी. ते पीत न्हाईत."

आणि त्यांनी वाटी अशी सरकवली की ती फरशीवरून घसरत थेट उंबऱ्याला जाऊन टेकली. थेंबही सांडला नाही. अंगात ताकद उरली नव्हती, पण मनगटातला अंदाज अजून शाबूत होता.

आबा म्हणजे माझे सासरे, दौलतराव. कोल्हापुरात आमच्या पेठेत त्यांना सगळे दौलू वस्ताद म्हणायचे. तरुणपणी त्यांनी कुस्त्या मारल्या आणि अंग उतरल्यावर तालमीत पोरं तयार केली. माझ्या लग्नाला तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात आबा, माझा नवरा संग्राम आणि मी, एवढीच माणसं.

त्या उन्हाळ्यात आबांच्या आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन करून बराच मोठा तुकडा काढून टाकावा लागला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "वस्ताद, आता दूध बंद. साय, लोणी, तूप, दही, ताक, काही नाही. म्हशीचंही नाही आणि गाईचंही नाही. उरलेल्या आतड्याला ते पेलणार नाही."

आबा घरी येईपर्यंत रिक्षातून बाहेर बघत बसले. पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. एवढं पोट फाडलं तेव्हा हा माणूस कण्हला नव्हता, आणि दूध बंद म्हटल्यावर त्याचा रंग उतरला होता.

कोल्हापुरात दूध म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. रोज सकाळी आबा पेठेतल्या दूध कट्ट्यावर जायचे, तिथं गवळी म्हशी घेऊनच येतात. गवळी पुढ्यातच म्हैस पिळायचा आणि ते धारोष्ण, फेसाळ दूध आबा तांब्यातूनच प्यायचे. ऊन असो, थंडी असो, त्यात खंड नाही. माझं माहेर जतकडचं. दुष्काळी मुलुख, आमच्या दावणीला कधी म्हैस नव्हती. चहात पडेल तेवढंच दूध आम्हाला माहीत. त्यामुळं लग्न होऊन आल्यावर एक माणूस एवढं दूध पितो हे बघून मी थक्क झाले होते.

दूध गेलं तसं आबांनी जेवणच सोडलं. भाकरी त्यांना चालत नव्हती. मऊ भात दोन घास खायचे आणि ताट बाजूला सारायचे. पेज दिली तर म्हणायचे, "ही आजाऱ्याला देत्यात." मी म्हणायचे, "तुम्ही आजारीच आहात, आबा." त्यावर माझ्याकडं असं बघायचे की मी पेज उचलून आत न्यावी. दवाखान्याच्या कागदावर भाज्यांचं सूप लिहिलं होतं म्हणून ते करून बघितलं, तर ती वाटी अशी उंबऱ्याला जाऊन टेकली. खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. भाज्या उकडून गाळलेलं ते पाणी मलाही गिळवलं नसतं.

बंडीतून त्यांची हाडं दिसायला लागली. भेटायला आलेले तालमीतले पैलवान बाहेर पडताना डोळे पुसायचे.

मग एका सकाळी मी पाणी भरून आत आले तर आबांची खाट रिकामी. संग्राम चप्पल न घालताच कट्ट्याकडं पळाला. तो पोचेपर्यंत तांब्या रिकामा झाला होता. गवळ्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. कितीतरी दिवसांनी वस्ताद आले म्हणून त्यानं हौसेनं चांगल्या म्हशीचं पिळून दिलं होतं.

दुपारपर्यंत आबा परत दवाखान्यात. हाताला सलाईन, डोळे आत गेलेले. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. "आणखी एकदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही," ते म्हणाले. "आणि खाल्लं नाही तरी तेच होणार आहे. फक्त हळू."

संग्राम आत जाऊन वडिलांवर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असेल. "एका तांब्यासाठी जीव देणार काय, आबा?"

आबांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. "माझ्या जिवातनं दूध काढलं तर मागं काय ऱ्हातंय? ते टाकून जगा म्हणणारे तुम्ही कोन?"

संग्राम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी मात्र परत डॉक्टरांकडं गेले आणि विचारलं, "बदाम चालतील का?"

"थोडे. भिजवून, सोलून, गंधासारखे बारीक वाटले तर चालतील. का?"

"सांगते नंतर," मी म्हटलं.

मला सुचलं ते माझ्या आईमुळं. आमच्याकडं दूध नव्हतं, पण दाटपणा होता. पाहुणे आले की आई तीळ नाहीतर शेंगदाणे वाटून आमटीला लावायची, आणि ती आमटी अशी व्हायची की पाहुणे दूध-तूप विसरायचे. जिभेला मऊ लागलं पाहिजे, घशातून सावकाश उतरलं पाहिजे. आबांच्या जिभेला हवं होतं तेही तेच, अशी माझी खात्री होती. आणि ते म्हशीशिवाय करता येतं हे मला माहीत होतं.

ते घरी यायच्या आधी मी करून बघायला लागले. कोवळा दुधी, एक बटाटा, थोडा कांदा आणि रंगापुरती लाल भोपळ्याची फोड. चमचाभर तेलात जिरं टाकून कांदा मऊ करायचा, पण लाल होऊ द्यायचा नाही. मग भाज्या अगदी गळेपर्यंत शिजवायच्या. पहिल्यांदा बटाटा जास्त झाला आणि खळीसारखं चिकट झालं. दुसऱ्यांदा बदाम नीट वाटले गेले नाहीत, दाताखाली कच लागली. मग ध्यानात आलं की भाज्या त्यांच्याच थोड्या पाण्यात वाटायच्या, बदाम वेगळे आणि बोटाला कणी लागणार नाही इतके बारीक, आणि ते घालायचे शेवटी, मंद आचेवर. उकळी फुटू द्यायची नाही, फुटली की फाटतं. असं केल्यावर पळीवरून जे खाली ओघळलं ते बघून माझी मीच हसले. गाईच्या सायीसारखा पिवळसर रंग, आणि वर तसाच तुकतुकीतपणा. मीठ आणि मिऱ्याची पूड घातली. खाऊन बघितलं. ही वाटी काही उंबऱ्याकडं जाणार नव्हती.

आबा घरी आले त्या दुपारी मी वाटी पुढं ठेवली. त्यांनी परत बोट बुडवलं आणि ते जिभेला लावलं. मग वाटी उचलून तोंडाला लावली आणि खाली ठेवली तेव्हा तळ दिसत होता. मिशीला लागलेलं त्यांनी जिभेनं टिपून घेतलं.

"साय घातलीस?" त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता.

मी तोंड उघडायच्या आत दारातून संग्राम म्हणाला, "व्हय आबा. थोडी घातलीय. डॉक्टरला विचारून."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं डोळ्यांनीच हात जोडले.

स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं. "हे काय केलंस?"

"खाल्लं न्हवं त्यांनी? मग झालं तर. दूध न्हाई म्हणून सांगितलं तर परत तोंडाला लावायचे न्हाईत. तू वळखत न्हाईस त्यांना. माझा बाप हाय तो."

त्या दिवशी मी ऐकलं. आबा दोन्ही वेळेला सूप मागून घ्यायला लागले. कधी दुधीऐवजी फ्लॉवर, कधी गाजर, पण खाली बदाम तेच. त्यांच्या गालावर जरा मांस दिसायला लागलं, आवाज परत आला. अंगणात बसून ते जाणाऱ्या-येणाऱ्या पैलवानाला दंड किती मारलेस म्हणून विचारायला लागले. संग्राम माझ्याकडं बघून हसायचा, बघ, मी म्हणत होतो ना, असं. मला मात्र ते हसू टोचत होतं. सूप माझं होतं आणि नाव सायीचं होत होतं, हे एक. पण खरी भीती दुसरीच होती, आणि ती फार दिवस लांब राहिली नाही.

एका सकाळी चहाच्या वेळी आबा म्हणाले, "संग्राम, गवळ्याला सांगून ठेव. उद्यापासनं माझा तांब्या चालू."

संग्रामनं हातातली बशी खाली ठेवली. "आबा, डॉक्टर..."

"डॉक्टरला काय कळतंय! एवढे दिवस साय खातोय न्हवं मी? काय झालं? पोट दगडासारखं हाय. साय पचती त्याला दूध पचत न्हाई व्हय?"

संग्रामनं माझ्याकडं बघितलं. नको, असं त्याचे डोळे म्हणत होते. आता सांगितलं तर आबा जेवण टाकणार हे त्याला दिसत होतं. मलाही दिसत होतं. पण नाही सांगितलं तर ते उद्या कट्ट्यावर जाणार होते. टाकलेलं जेवण मी परत सुरू करून दाखवलं असतं. प्यालेलं दूध मला परत काढता येणार नव्हतं.

मी पदर खोचला आणि त्यांच्यापुढं जाऊन बसले.

"आबा, त्या सुपात साय नव्हती. एक थेंबसुद्धा नाही, कधीच नाही."

आबा आधी हसले. मग त्यांनी मुलाकडं बघितलं आणि त्याची मान खाली गेलेली दिसली तसं त्यांचं हसू विरलं.

"मला फसीवलंस?" ते त्याला म्हणाले. "भाड्या, बापाला फसीवलंस?" मग माझ्याकडं वळले. "आनि तू खोटं बोलतीस. ही जीभ माझी हाय. जन्मभर दूध प्यालोय मी. साय मला कळत न्हाई?"

"नाही कळली," मी म्हटलं.

त्यांच्याशी तोपर्यंत असं कोणी बोललं नव्हतं. संग्राम मागं सरकला. आबांनी मांडीवर थाप मारली, आखाड्यात उतरताना मारतात तशी.

"दाखव मग करून. माझ्या डोळ्यांदेखत. सगळं हितं आणायचं आनि माझ्यापुढं करायचं."

"मी कशाला करू? मी केलं तर म्हणाल, पदराखालनं साय घातली. तुम्ही करा. तुमच्या हातानं वाटा, तुमच्या हातानं ढवळा. मी नुसती सांगते."

"मी? चुलीपुढं?"

"का? भिता?"

हा शब्द वस्तादाला टाकायचा नसतो, हे मला माहीत होतं. म्हणूनच टाकला.

दुधी-बटाटा मी शिजायला लावला आणि रात्रभर भिजवलेले बदाम वाटीत घालून त्यांच्यापुढं ठेवले. मिक्सर काढला तर म्हणाले, "ह्या भांड्यात आतनं काय घालशील, दिसायचं न्हाई. माळ्यावरची कुंडी काढ, संग्राम."

संग्रामनं दगडी कुंडी खाली आणली, लाकडी घोटणाही आणला. तालमीतल्या पोरांची थंडाई आबा ह्याच कुंडीत घोटत असत. मी आल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. धुऊन पुसून पुढं ठेवली तशी आबांनी मांडी घातली, दोन्ही पायांच्या मध्ये कुंडी धरली आणि बदाम सोलायला लागले. चिमटीत धरायचा, दाबायचा, साल एकीकडं आणि बदाम एकीकडं. मग त्यांनी घोटणा उचलला.

दोन-चार फेऱ्यांतच त्यांना दम लागला. संग्राम पुढं झाला तसे आबा खेकसले, "हात लावू नगंस." थांबले, श्वास घेतला आणि परत सुरू केलं. हळूहळू मनगटाला जुनी लय सापडली. घोटणा गरगर फिरायला लागला. मी चमच्या-चमच्यानं पाणी सोडत होते. कुंडीत आधी रवा झाला, मग लगदा, आणि मग कडेनं पांढरं शुभ्र ओघळायला लागलं.

आबांचा हात थांबला. त्यांनी त्या पांढऱ्याकडं बघितलं, बोटावर घेतलं आणि अंगठ्यानं चोळलं.

"हे तर आमच्या थंडाईचं," ते म्हणाले.

"होय आबा."

"पन थंडाईत आम्ही वरनं दूध घालायचो."

"आत्ता घातलंय का?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई. दुधाच्या आधीच पांढरं झालंय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इतकी वर्सं घोटलं. कधी बघितलंच न्हाई."

मला वाटलं, जिंकले. पण आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. घोटणा धरून तसेच बसून राहिले. संग्राम घाबरून त्यांच्या शेजारी बसला.

"आबा, काय झालं? दुखतंय काय?"

"तुझ्या आत्तीला दूध कवा मिळालं न्हाई," आबा म्हणाले.

आत्ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, हौसाबाई. कागलच्या पलीकडं एका खेड्यात राहायच्या.

"एकच म्हस हुती घरात," आबा सांगायला लागले. "मी तालमीत जायला लागलो तसं आईनं ठरवलं, सगळं दूध दौलूला. आक्का पहाटं उठून धार काढायची आनि दुधाची कासंडी डोईवर घिऊन तालमीपातूर चालत यायची. तिला त्यातला घोटसुद्धा न्हाई. घरात आदी गड्यांनी खायाचं, बायकांनी उरलंसुरलं. आनि दूध तर कवा उरायचंच न्हाई. एकदा कासंडीच्या कडंला आलेला फेस तिनं बोटानं चाटला. आईनं लाटण्यानं मारलं तिला. मी समोर हुतो. तांब्या तोंडाला लावून बघत हुतो. खाली ठेवला न्हाई."

कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बंद केला.

"तिच्या तोंडचं काढून मला घातलेलं दूध," आबा म्हणाले, "ते मला पचत न्हाई, असं कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणून पीत हुतो. मेलो असतो तरी पीत ऱ्हायलो असतो."

संग्रामनं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला.

"आबा, हे आम्हाला सांगून काय उपयोग?" मी म्हटलं. "आत्तींना सांगा. त्या दुपारच्या गाडीनं तुम्हाला बघायला येतायत. तोवर हे सूप पुरं करू. भाजी निवली तर गाठी होतील."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण घोटणा परत उचलला.

त्यानंतर आबा पुष्कळ वर्षं जगले. दूध पुन्हा कधी तोंडाला लावलं नाही. तालमीत जाऊन बसायला लागले, संग्रामच्या मुलाला, माझ्या शिवराजला, त्यांनी खांद्यावर खेळवलं. आणि सूप इतकं चांगलं करायला लागले की घोटण्याच्या बाबतीत मला उलट शिकवायचे. घरातला कुठलाही मोठा निर्णय ते मला विचारल्याशिवाय घेत नसत. पण हे सगळं पुढचं. आबा म्हटलं की मला आठवते ती त्या दिवशीची दुपार.

आत्ती आल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, काठीला पुढं घालून चालणाऱ्या. भावाला शेगडीपुढं बसून गरम करायला ठेवलेलं सूप ढवळताना बघून त्या दारातच थांबल्या.

"आगं बाई! दौलू, तुला रांधायला बसीवलं व्हय सुनंनं?"

"बस, आक्का," आबा म्हणाले.

आत्तींनी पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसल्या. आबांनी पातेल्यातून वाटी भरली. त्यांच्या दुखण्याचं, प्रवासाचं, गावाकडच्या पेरणीचं बोलणं व्हायच्या आधीच ती वाटी दोन्ही हातांनी धरून ते उठले आणि बहिणीपुढं ठेवली. दुसरी वाटी माझ्यापुढं. स्वतःला घेतलीच नाही.

"आरं, गडी बसू द्यात की आदी," आत्ती म्हणाल्या.

"आज तू आदी."

आत्तींनी भावाच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग वाटी उचलली, फुंकर मारली आणि एक घोट घेतला. थोडा वेळ तोंडात तसाच ठेवला.

"चांगलं झालंय की रं. साय घातलीस?"

आबा तिच्यापुढं खाली बसले. तालमीत पोरं वस्तादापुढं बसतात तसे, गुडघे जवळ घेऊन.

"न्हाई, आक्का. दूध बंद केलंय मला," ते म्हणाले. मग बाकीचं एका दमात बोलून टाकलं. "मला दूध पचत न्हाई आता."

आत्तींनी वाटी मांडीवर टेकवली. भावाच्या उतरलेल्या खांद्यांवरून, बाहेर आलेल्या गळ्याच्या हाडांवरून त्यांची नजर फिरली. मग त्यांचा सुरकुतलेला हात पुढं आला आणि आबांच्या डोक्यावर टेकला.

"बरं झालं, बाबा," आत्ती म्हणाल्या. "लई वर्सं प्यालास."

मग त्यांनी हसून वाटी तळापर्यंत संपवली आणि पुन्हा भरायला पुढं केली.